कौसरचं नाव कोण घेणार

९ जानेवारी, गुरुवार
पोचले. घनसावंगीहून जीप मिळाली, पण जीपवाल्यानं फाट्यावरच उतरवलं. पुढं पायी. दोन्ही बाजूला ऊस, मधी मी आन माझी पिशवी.
लताबाई सोबत येणार होती. सुनेचे दिवस भरले म्हणून राह्यली. ऑफिसचे साहेब फोनवर म्हणले, "तुम्ही एकट्या भारी पडाल." त्यांचं काय जातं म्हणायला. पगार न्हाई, नुसता जायचा-यायचा खर्चा. आमच्या केदारखेड्यात बचत गट बराबर चालवला, तर म्हणे आता पंधरा दिवस परगावात राहून तिथल्या बायांचा गट बसवून द्या.
अंगणवाडीच्या मागची खोली दिली. भिंतीवर हत्ती, ससा, क कमळाचा. चक्कीवाली सिंधूबाई भाकरी देऊन गेली.

१० जाने.
घरोघर फिरले. "मालक घरी न्हाईत." "पाव्हणे आलेत." "उद्या या." एक म्हातारी म्हणली, "वसुलीला आलीस का?"
मी म्हणलं, "वसुलीवाली दिसते का मी?"
"दिसती."
पाय दुखून राह्यले. पोराला चाकणला फोन लावला. ड्यूटीवर होता.

११ जाने., शनिवार
आज एकीनं आत बोलावलं. कौसर तिचं नाव. पस्तीशीची असंल. नवऱ्यानं टाकलं, आईकडं आली, आई मागच्या साली वारली. आता त्याच एका खोलीत एकटी. दारातच मशीन मांडलं आहे, साडीला फॉल-पिको करती. मशीन घनसावंगीच्या टेलरचं. पाडव्याला परत पाहिजे म्हणतो, न्हाईतर इकत घे. गटात नाव लागलं तर पुढं बँक कर्ज देईल, मशीन हिचं होईल.
"न्हाई लागलं तर?"
"तो फिर ऊस तोडने," म्हणली. हात दाखवले. मागच्या साली गेल्ती तोडणीला, त्याचे वण.
चहा दिला. "बाजी, अकेलेच आए क्या?" बाजी म्हणजे ताई. हे या गावात पहिल्यांदा कोणी इचारलं.

१४ जाने.
संक्रांत. ऑफिसनं आजचीच मीटिंग लावली. एसीत बसून कॅलेंडर पाहत न्हाईत का हे? बाया वाण लुटायला गेल्या. मला विधवेला कोण बोलावतं. चार वाजता सतरंजी टाकली. कौसर आली, बाकी कोणी न्हाई. दोघी बसलो. तिच्याजवळ शेजारणीनं दिलेले तिळगूळ होते, अर्धे मला दिले.
दिवे लागायच्या वक्ताला झाडून घेतलं. खोली कालच झाडली होती. काय करणार मंग.

१७ जाने., शुक्र.
आल्या एकदाच्या! कौसर सोडून नऊ जणी. सगळं सांगितलं. दर शनिवारी बसायचं, पैसे जमवायचे, एकीनं न्हाई भरलं तर बाकीच्यांनी भरायचं. पटलं. नावं सांगून राह्यल्या. कौसर म्हणली, "मेरा भी लिखो." तर सगळ्या सिंधूबाईकडं पाहून राह्यल्या.
सिंधूबाई म्हणली, "तिचं राहू द्या ताई. ती आज हाय उद्या न्हाई. उद्या नवरा न्यायला आला तर जाईल. मंग तिचं आम्ही भरायचं का?"
कौसर समोरच बसलेली. खाली पाहत होती. माझं डोकं सटकलं. म्हणलं, "तुमच्यापेक्षा तीच टाइमावर येती. तुम्ही वाण लुटत फिरता!"
उठल्या. पदर झटकले आन गेल्या.
संध्याकाळी भाकरी आली न्हाई. बिस्किटावर भागवलं.

१८ जाने.
चक्कीवर गेले. माफी बिफी मला जमत न्हाई. म्हणलं, "काल जरा जास्त बोलले."
सिंधूबाई पीठ झटकत म्हणली, "ताई, जीभ हाय का कोयता?"
हसू आलं दोघींना. भाकरी घेऊन आले. सिंधूबाई वाईट न्हाई. तिचं म्हणणं पण खोटं न्हाई, हेच तर...

२० जाने., सोमवार
परत बसवल्या. ट्रेनिंगमधी शिकवलेलं एक काढलं. एकेकीला इचारायचं, रात्री घरात कोणी आजारी पडलं तर कोणाचं दार वाजवशील? जिचं नाव येईल तिच्यावर भरवसा. सगळ्या खुश. हिनं तिचं, तिनं हिचं. एकजण म्हणली, "नवऱ्याचं वाजवून उपेग न्हाई, तो घोरतो." लई हसल्या.
कौसर म्हणली, "सिंधू आपा का."
सिंधूबाईनं तोंड फिरवलं. कौसरचं नाव कोणीच घेतलं न्हाई. मला वाटलं होतं एक तरी घेईल. काय कामाचं असलं ट्रेनिंग, उघडं पाडलं पोरीला.
मंग मीच बोलले, "तिची हमी मी घेते."
हसल्या. वाईट न्हाई, नुसत्याच. सिंधूबाई म्हणली, "तुम्ही गुरुवारी जाणार ताई. तुमची हमी कोण घेणार?"
मी पण आज हाय उद्या न्हाई.
तेवढ्यात कौसर म्हणली, "बाजी, आप किसका दरवाजा बजाते?"
"जाऊबाईचं," म्हणलं पटकन.
जाऊबाईशी बोलून वर्ष झालं.

२२ जाने.
कोणाकडं गेले न्हाई. दुपारी खोलीत बसून एकेक घर आठवलं आमच्या गल्लीतलं. कोणाशी नळावरून झालेलं, कोणाशी गटाच्या हप्त्यावरून. माझंच खरं होतं दरवेळी. आन दार एक पण न्हाई.
कौसर आली, न सांगता माझ्या साडीला फॉल लावून दिला. पैसे घेईना. दोरा तोडत म्हणली, "जाऊबाई का झूट था ना बाजी?"
"चूप बैस."
बसली. बराच येळ बसली.

२३ जाने., गुरुवार
निघाले. सिंधूबाईनं भाकरी-पिठलं बांधून दिलं. जीप यायच्या आधी सरळच इचारलं, "कौसरचं काय करता?"
"शनिवारी बसू. बघू."
"बघू म्हणजे न्हाई."
"तुमच्याकडं बघू म्हणजे न्हाई असंल. आमच्याकडं बघू म्हणजे बघू."
कौसर फाट्यावर आल्ती. हात केला न्हाई, नुसती उभी. मी पण न्हाई केला. काय सांगून हात करू.

२५ जाने., शनिवार
घरी. कुलूप काढलं तर आत धूळ. गल्लीत कोणी इचारलं न्हाई कुठं गेल्ती. ऑफिसला कळवलं, गट झाला, नऊ जणी. साहेब म्हणले, "व्हेरी गुड." कौसरचं सांगायला लागले तर म्हणले, "नऊ झाले ना, बास."
चार वाजता तिकडं बायांची मीटिंग. चारपासून फोन हातात. पाचला वाजला. सिंधूबाई. मागं बायांचा कलकलाट.
"ताई, आधारवर नवऱ्याच्या गावचं नाव असलं तर गटात चालतं का?"
"कोणाचं आधार?"
"सांगा ना जल्दी, बाया थांबल्यात."
"चालतं. बिलकुल चालतं. पण कोणाचं..."
"बरं." कट.
कौसरचं असंल. न्हाईतर सिंधूबाईच्या पुतणीचं, ती पण माहेरीच येऊन राह्यली आहे.
परत लावला. दोनदा लावला. आता तिसऱ्यांदा लावलाय. वाजून राह्यलाय.