काळ्या गाडीची धुलाई

३ मार्च, सोमवार

आजपासून सक्तीची रजा. ‘सक्तीची’ हा साहेबांचा शब्द. मी विश्रांती म्हणतो.

कारण क्षुल्लक. क्लेम्स सेक्शनमध्ये चर्चा चालू असताना पंचिंग मशीन माझ्या हातातून निसटलं. निसटलेली वस्तू सरळ जाते, त्याला मी काय करणार? वाटेत साहेबांच्या केबिनची काच होती. काचेमागे साहेब होते. कपाळाला खोक पडली, तीही काही फार मोठी नाही. पण डॉक्टरांचं पत्र आणल्याशिवाय ऑफिसात पाऊल टाकायचं नाही, म्हणे.

डॉक्टर म्हणाले, हातानं करण्यासारखं काहीतरी शोधा, मन रमेल. बागकाम सुचवलं. झाडांचा मला राग येतो. कितीही बोला, आपल्याच चालीनं वाढतात. त्यापेक्षा गाडी धुवायची ठरवली. घरच्या घरी, शास्त्रशुद्ध. वॉशिंग सेंटरवाले एकच मळका बोळा सगळ्या गाड्यांवर फिरवतात. शिवाय गाडी उलट बोलत नाही.

संकल्प : रागवायचं नाही. तसा मी मुळात शांतच. लोक भडकवतात.

४ मार्च

ॲक्सेसरीजच्या दुकानात गेलो. नुसत्या शाम्पूंनी कपाट भरलेलं. फोमवाला, वॅक्सवाला, लिंबाच्या वासाचा. दुकानदार म्हणाला, न्यूट्रल घ्या, रंगाला धक्का लागत नाही. न्यूट्रल हा शब्द मला पटत नाही. माणसानं कुठलीतरी बाजू घ्यावी. मी म्हटलं, तुमच्याकडचा सगळ्यात जहाल दाखवा, घाणीला कळू दे गाठ कुणाशी आहे. तो म्हणाला, तो ट्रकच्या खालच्या बाजूसाठी असतो. आणि हसला.

यात हसण्यासारखं काय होतं, असं मी त्याला शांतपणे विचारलं. त्याला सांगता येईना. परत विचारलं. परत विचारताना बाटली काउंटरवर ठेवली, जरा ठामपणे. काउंटर काचेचा निघाला. हल्ली जो तो काचेच्या मागे लागलाय.

त्यानं माझी कॉलर धरली, मी त्याचे केस. केस विगचे होते, त्यामुळे पकड नीट बसली नाही. शेवटी रस्त्यापलीकडच्या दुकानातून जहाल शाम्पू घेतला. तिथला माणूस चांगला वाटला. एक अक्षर बोलला नाही. बाटली सरकवली आणि मागच्या खोलीत निघून गेला.

६ मार्च, सकाळी

पहिली धुलाई.

व्हिडिओत सांगतात की बादल्या दोन लागतात. एकीत शाम्पू, दुसरीत फडकं खळखळून घ्यायला, म्हणजे फडक्यातली वाळू पुन्हा गाडीवर जात नाही. हे सगळं भित्र्या लोकांचं काम. मी एकच घेतली.

शेजारचे शिट्टीसर कुंपणाच्या भिंतीवर कोपर टेकून उभे. शाळेत पीटी शिकवायचे. निवृत्त झाले तरी गळ्यातली शिट्टी उतरली नाही. म्हणाले, अहो, दुसरी बादली घ्या, चरे पडतील. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यांनी शिट्टी वाजवली. मी तरी शांत.

टपावर पक्ष्याची घाण वाळून घट्ट बसली होती. ती म्हणजे सरळ सरळ आव्हानच. मऊ फडक्यानं हटेना, तेव्हा स्वयंपाकघरातून तारेची घासणी आणली. पाच मिनिटांत शत्रू नेस्तनाबूत. ही बाहेर आली, टप बघितला, म्हणाली, “अहो, रंग गेलाय.” मी म्हटलं, घाण रंगाच्या आतपर्यंत गेली होती. ती काही बोलली नाही. पटलं असावं.

घासणी आत ठेवून परत येताना बादली पायात आली. लाथेनं ती शिट्टीसरांच्या अंगणात गेली. पाण्यासकट. दुसरी बादली हवीच होती त्यांना.

८ मार्च, शनिवार

प्रेशर वॉशर आणला! पाण्याची नुसती बंदूक. हातात घेतल्याबरोबर मनाला काय शांती वाटली, शब्दांत सांगता येत नाही. डॉक्टर म्हणतात ते हेच.

त्याला चार नोझल. पांढरं म्हणजे पसरट फवारा, गाडीसाठी. हिरवं आणि पिवळं मधलं. लाल म्हणजे सुईसारखी धार, सिमेंटवरचं शेवाळ खरवडायला. हार्डवेअरवाला तीनतीनदा म्हणाला, लाल गाडीला लावू नका. त्याच्या समाधानासाठी मान डोलावली. घरी येऊन लाल लावलं.

प्रगती उत्तम. चिखल गेला. मागचं कंपनीचं नाव गेलं. नंबर प्लेटवरचे दोन आकडे गेले. खिडकीची रबरी पट्टी निघून सापासारखी उडाली. तेवढ्यात भिंतीवरून शिट्टी. “अहो, लाल नको, लाल!”

मी उत्तर द्यायला वळलो. वॉशर हातात होता, तोही वळला.

शिट्टीसरांचा चष्मा उडाला. टोपी उडाली. कान फाटून रक्त आलं. यावर माणसानं काय करावं? घरात जावं, पट्टी बांधावी. यांनी भिंतीवरून उडी मारली. या वयात! आणि माझाच टायर घासायचा ब्रश उचलून माझ्या डोळ्यावर हाणला. मी त्यांच्या पोटात डोकं घातलं. दोघेही फोममध्ये पडलो. तो जहाल शाम्पू असा निसरडा की एकाचा ठोसा दुसऱ्याला लागेना. मी त्यांचा गळा धरायचो, ते साबणाच्या वडीसारखे सुळकन निसटायचे. त्यांनी माझ्या दंडाला चावा घेतला, तेव्हा त्यांच्या तोंडाला फेस आला. शाम्पूचाच.

शेवटी हिनं वॉशरचं बटण बंद केलं आणि आमच्यामध्ये उभी राहिली. तिला पाहून शिट्टीसर थांबले. म्हणजे माघार त्यांनी घेतली. याची नोंद असावी.

९ मार्च

डावा डोळा बंद. उजव्यानं लिहितोय.

ही सकाळी शिट्टीसरांना दवाखान्यात घेऊन गेली. कानाला टाके पडले. तिनं माझ्या वतीनं माफी मागितली. मी म्हटलं, तुला कुणी सांगितलं होतं? तर म्हणाली, “त्यांनी पोलिसांत जायचं ठरवलं होतं. जाऊ नका म्हटलं.” पुढे म्हणाली, “त्यांनी मला विचारलं, तुमचं कसं चाललंय? मी म्हटलं, चाललंय.”

असला चोंबडेपणा! त्यांच्या कानाला लागलंय, चौकशा हिच्या.

१२ मार्च

आज चाकं. व्हील क्लीनर निवडण्याची माझी पद्धत सोपी आहे. ज्या बाटलीवर इशारा सर्वांत मोठा, त्यातलं औषध खरं. एका बाटलीवर विरघळणाऱ्या हाताचं चित्र होतं. तीच घेतली. मारून तीस सेकंदांत धुवा, असं लिहिलंय. भित्र्यांसाठी. मी मारून चहा प्यायला बसलो.

बाहेर येऊन बघतो तर चकचकीत चाकांवर पांढरे चट्टे, कोड फुटल्यासारखे. घासायला गेलो तर बोटांची साल निघाली. चित्र बरोबर होतं. चाकाला लाथ घातली. अंगठ्याचं नख गेलं. पुन्हा घातली, दुसऱ्या पायानं, म्हणजे चाकाला कळावं की यानं मी खचत नाही.

दोन्ही पाय आणि उजवा हात बँडेजमध्ये. डॉक्टरांनी विचारलं, मन रमतंय का? म्हटलं, खूप.

१४ मार्च

मेव्हण्याचा फोन. परवा रविवारी येतोय, गाडी बघायला. गाडी मुळात त्याची. त्यानं नवी घेतली तेव्हा ही आम्हाला दिली. म्हणजे मला. कागदांवर हिचं नाव असेल, पण कागद काय, कुणाच्याही नावावर असतात. चालवतो कोण?

त्याच्या डोळ्यांत गाडी भरली पाहिजे. उद्या पॉलिशिंग. शाळेत निबंध असायचा, ‘आरसा नसता तर’. माझ्या बॉनेटकडे बघून लोक दाढी करतील.

१५ मार्च, शनिवार

पॉलिशचं मशीन वेगळं मिळतं, हळू फिरणारं. घरात भिंतीला भोकं पाडायचं ड्रिल असताना दुसरं मशीन कशाला? ड्रिलला लोकरीचा पॅड बसवला. पेस्टमध्ये खरखरीत, मध्यम आणि मऊ असे प्रकार असतात. अर्थात खरखरीत.

ड्रिल बॉनेटवर टेकवलं आणि जोर लावला. सुरुवातीला खरंच आरसा झाला. मग धूर. मग वास. थांबलो तेव्हा मध्यभागी जेवणाच्या ताटाएवढा पत्रा उघडा पडला होता. त्यावर वॅक्सचे थर चढवले. एक गोष्ट मान्य करावीच लागेल, काळ्या रंगापेक्षा पत्रा जास्त चमकतो.

ड्रिल भिंतीवर फेकलं. त्याची आता सवय झालीय, भिंतीला.

१६ मार्च, रविवार

मेव्हणा आला. गाडीभोवती एक चक्कर मारली. टप, नंबर प्लेट, चाकं, बॉनेट. माझा डोळा, बोटं, पाय. म्हणाला, “भाऊजी, गाडी धुतलीत की बडवलीत?”

मी हसलो. मनापासून हसलो. मग बादली त्याच्या तोंडावर मारली.

नाकाचा आवाज आला. मला वाटलं प्लॅस्टिकचा असेल. त्यानं पांढऱ्या शर्टाला रक्त पुसलं, मला उचललं आणि बॉनेटवर आपटलं. वॅक्समुळे मी घसरत पलीकडे जाऊन पडलो. वॅक्स चांगल्या प्रतीचं आहे. उठलो, त्याच्या गुडघ्यावर वॉशरची नळी हाणली. त्यानं तीच नळी माझ्या मानेभोवती टाकली. ही ओरडत होती, पण कुणाच्या बाजूनं ते कळेना. शिट्टीसर भिंतीपलीकडून बघत होते. शिट्टी वाजवली नाही.

मग मेव्हण्यानं मला सोडलं. धापा टाकत हिला म्हणाला, “ताई, गाडी मी तुझ्यासाठी दिली होती. कधी निघावंसं वाटलं तर दारात गाडी असावी म्हणून. आता चल. आत्ताच्या आत्ता चल.”

निघायचं? कुठं? कशाला? हा प्रश्न मी विचारला, पण डिकीतून जॅकचा दांडा काढता काढता विचारला, त्यामुळे नीट ऐकू गेला नसावा. समोरची काच पहिली फोडली. मग दारांच्या. मग मागची. मग दिवे, आरसे. काच फुटली की फार छान मोकळा आवाज होतो. शेवटी दांडा पत्र्यात रुतून बसला तेव्हा थांबलो.

काचा तशाही नीट पुसल्या जात नव्हत्या. कितीही पुसा, फराटे उरायचेच.

मेव्हणा एकटाच गेला. ही गेली नाही. म्हणाली, “तू जा. मी गेले तर हे तुझ्या घरी येतील.” बघा! बहीण कुणाच्या बाजूनं आहे ते त्याला समजलं असेल.

१८ मार्च

कमालीचं शांत वाटतंय. गाडीवर कव्हर घातलंय. ही बसनं कामावर जाते.

नवा संकल्प : बाहेरचं सोडून द्यायचं. खरं सौंदर्य आतलं. सीटवरच्या काचा व्हॅक्युमनं काढल्या. मग डॅशबोर्डसाठी पॉलिश निवडायचं होतं. एक चकाकणारं, एक मॅट. मी मॅट घेतलं. दुकानदारानं चकाकणारं दाखवलं तरी एक शब्द बोललो नाही. म्हणजे बदल झालाय. पॉलिशचा डबा स्वयंपाकघरात ओट्यावरच्या फळीवर ठेवलाय, उन्हात तापायला नको.

२१ मार्च

जिंकलो! डॉक्टरांचं पत्र मिळालं.

आज हिलाही घेऊन या म्हणाले होते. आधी माझी चौकशी. झोप येते का, भूक लागते का. मी गाडीच्या निगेबद्दल बरंच सांगितलं. त्यांनी टिपून घेतलं. मग हिला विचारलं, “घरी कसे असतात?”

हिनं डॉक्टरांकडे बघितलं नाही. माझ्या हातांकडे बघितलं. मांडीवर होते, उजवा अजून बँडेजमध्ये. मग म्हणाली, “शांत असतात.”

लिहा, मी म्हटलं, तेवढंच लिहा. सोमवारपासून ऑफिस. साहेबांना पेढे द्यावेत का?

बाहेर पडल्यावर मी हिला म्हटलं, एका वाक्यात काम केलंस. ती चार पावलं मागून चालत होती. मी थांबलो की थांबायची.

२२ मार्च, शनिवार

सकाळी डॅशबोर्ड करायचा म्हणून स्वयंपाकघरात गेलो. ही ओट्याशी उभी, पाठमोरी, दूध तापवत होती. डब्यासाठी मी तिच्या डोक्यावरून हात वर नेला.

ती खाली बसली. एकदम. दोन्ही हात डोक्यावर.

मी म्हटलं, अगं, पॉलिश घेतोय. “हो,” ती म्हणाली. हात डोक्यावरून काढले नाहीत. डबा दाखवला. तिनं वर बघितलं नाही. दूध उतू गेलं, गॅस विझला, कुणीच उठलं नाही. मी वाकून बटण बंद केलं तर ती आणखी आत सरकली, ओट्याखाली, सिलिंडरपाशी.

मी हिच्यावर कधी हात... लिहायला घेतलं आणि पेन थांबलं. पेन खराब आहे.

डबा परत ठेवला. हळू. आवाज होऊ न देता. मग बाहेर येऊन गाडीत बसलो, मागच्या सीटवर. गाडीला काचा नाहीत, त्यामुळे घरातलं सगळं ऐकू येतं. ती उठली. भांडं उचललं. मग पावलं दारापर्यंत आली. मला वाटलं, चहाला हाक मारेल.

आतून कडी लावली.