अजगरांच्या हिवाळ्याचा सत्यानाश

बॅलरॅट, ऑक्टोबर

तीर्थरूप थेल्मा मावशींस,

भाचेजावई डेसचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा साष्टांग कागदावरच समजावा.) तुमचे गुडघे, तुमची आंब्याची झाडं, तुमचा हिरवळीवर चेंडू घरंगळवायचा बोल्स क्लब, सगळं ठीक असेलच. दुसऱ्याच्या धंद्याचं वाटोळं करून गेलेल्या माणसाची तब्येत सहसा उत्तम राहते.

मी चिडलो आहे. जुलैत तुम्ही आमच्याकडे राहायला आलात, त्याआधीच मी फोनवर बजावलं होतं की मागच्या खोलीतले दोन अजगर, नेव्हिल आणि ग्वेन, हे लाड करायला ठेवलेले नाहीत, तो आमचा धंदा आहे. ग्वेनने अंडी घालायची, पिल्लं निघायची, आणि परवानेवाल्या हौशी लोकांनी ती रांग लावून न्यायची. खर्च काय, तर उंदीर. अट एकच, जून ते ऑगस्ट, म्हणजे आपल्याकडचा हिवाळाभर, दोघांना गारठ्यात आणि उपाशी ठेवायचं. थंडी खाल्ली की वसंतात नेव्हिलला ग्वेनची आठवण होते. (माणसांत उलटं असतं, मला मान्य आहे.)

आणि ऑगस्टमध्ये मी खोलीत पाऊल टाकतो तर काय? हीटर तापलेला, तुम्ही शेजारी विणत बसलेल्या, आणि नेव्हिलच्या पोटात नुकताच गेलेला उंदीर बाहेरून दिसतोय! जाब विचारला तर म्हणालात, "अरे, जीवच आहे तो. त्यालाही चहाच्या वेळी काहीतरी लागत असेल की!" मावशी, तुमच्या उकाड्याच्या टाउन्सव्हिलमध्ये तुम्हाला थंडी पंख्याखाली बसून कळते. इथे ती आमचं भांडवल आहे, आणि ते तुम्ही जाळलंत.

वसंत आला. दोघांना एका पेटीत ठेवलं, दिवा मंद केला, सभ्यपणे बाहेर थांबलो. आत जाऊन पाहतो तर दोघं दोन कोपऱ्यांत, लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यासारखी. तुमच्या भाचीने, लॉर्नाने, मला एकच हिवाळा दिला होता. तो फुकट गेला तर तिच्या भावाच्या लाकडाच्या वखारीत मुकाट परत जायचं, असं ठरलंय. तिथे इतकी वर्षं फळ्या रचल्या, तरी मेव्हणा मला अजून "ए पोरा" म्हणतो. मला तिथे जायचं नाही हो, मावशी. अजगरांमुळे मला सकाळी उठावंसं वाटतं, आणि वखारीच्या नुसत्या आठवणीने पुन्हा पांघरुणात शिरावंसं.

कळावे. (लोभ सध्या नसला तरी चालेल.)

तुमचा संतापलेला,
डेस

ता. क. पाकीट चिकटवायच्या आत लॉर्नाने हे वाचलं. म्हणाली, "मावशीवर कशाला उखडतोस? हीटर मी लावायचे, जूनपासून. उंदीरही मीच द्यायचे. मावशी माझी चोरी झाकायला तिथे विणत बसायची. ग्वेन हाताला किती गार लागायची रे!" मी विचारलं, "मग वखारीचं काय?" तर म्हणते, "वखार गेली खड्ड्यात. चूक माझी, आणखी एक हिवाळा घे."

ता. क. २. राग मागे घेतो. पत्र मात्र पुन्हा लिहिणार नाही, एवढा चांगला राग वाया घालवणं जिवावर येतं. एकच विनंती आहे. पुढच्या जूनमध्ये लॉर्नाला तुमच्याकडे बोलवा आणि सप्टेंबरपर्यंत सोडू नका. गरज पडली तर आजारी पडा. आणि ती विमानातून उतरल्या उतरल्या तिची पिशवी तेवढी उघडून बघा. आत ग्वेन असेल.