गादीचा कापूस

अहो,

तुरीची डाळ शेगडीवर नाही, चहाच्या रिकाम्या खोक्यात आहे. एक उकळी आणून पातेले कापसात दाबून ठेवले की आतल्या उष्णतेवरच ती शिजते आणि कोळसा वाचतो. काल ती पहिल्यांदा जमली. आई हसल्या, "डाळीले काऊन गादीवर निजवून राह्यली वं?" पण वरण दोनदा मागून घेतले.

कापूस कुठला, हे त्यांनी विचारले नाही. बाळाच्या गादीसाठी त्यांनी हाताने सरकी काढून ठेवलेला, तोच आहे. मूल होणार नाही असे बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यावर तो ट्रंकेत ठेवून काय करायचे होते?

आज पातेल्याच्या बुडाला निखारा चिकटलेला मला दिसला नाही. डाळ वाचली, पण निम्मा कापूस जळाला. घरभर वास आहे. आई देवळातून आल्या की खोके उघडतीलच. डॉक्टरीणबाईंचे म्हणणे मला त्यांना सांगता आलेले नाही. तुम्ही सांगा.

शेजारच्या पुष्पाबाईंकडे नातवाचे बारसे आहे, तिथे पुरण वाटायला जाते. पाळणा पुढच्या खोलीत बांधला आहे. मी मागे स्वयंपाकघरातच असेन.

प्रतिमा