सहा किलो चारशे

कुंभार पिंपळगाव
भाद्रपद शुद्ध चतुर्थी

जीजी,

मच्छिंद्रने काटा शून्यावर आणला, मला चपला काढायला लावल्या, माझ्या खिशातला मोबाइल काढून पोत्यावर ठेवला आणि ओरडला, "सत्त्याण्णव सहाशे!" तो आमच्या शेजारच्या आडतीवर मापाडी आहे. हळू बोलणं त्याला जमत नाही. मूग घेऊन आलेले चारपाच जण वळून बघू लागले.

"शेठ, एकशेचार होते तुम्ही. सहा किलो चारशे गेले. मालात एवढी घट आल्ती तं मालकानं मला त्याच दिवशी घरी धाडलं असतं."

सगळे हसले. मीही हसलो. पण काट्यावरून उतरलो नाही. तो आकडा अजून थोडा वेळ बघायचा होता.

आधी नमस्कार लिहायचा असतो, तो राहिला. आता करतो. इकडे सर्व ठीक. अर्पित पुण्यात, घरी रितिका आणि मी. मूग बरा झाला म्हणतात, त्यामुळे कापडाला गिऱ्हाईक आहे. आज गणपती बसले. रस्त्यावर ताशे चालू आहेत; अक्षर वाकडं आलं तर दोष त्यांचा. शहागडला तू आणि जिजाजी बरे असाल.

आता माझी बातमी. दहा दिवसांत सहा किलो चारशे. जालन्याच्या डॉक्टर प्रियदर्शनींनी कीटो आहार सांगितला. गहू, भात, डाळ, साखर, फळं बंद. तूप, पनीर, खोबरं, अक्रोड चालू. इतरांना अंडी असतात, पालेभाजी असते. आपल्याकडे अंडी नाहीत, चातुर्मासात पालेभाजी नाही, आणि पर्युषणात तर काहीच हिरवं नाही. म्हणून मी पनीर आणि तुपावर आहे, तेही दिवसातून एकदा, दुपारी एक वाजता. तिसऱ्या दिवशी डोकं फुटायची वेळ आली. चौथ्या दिवशी पोटऱ्यांत गोळे आले. मीठ घातलेलं पाणी प्यायलो आणि दुकान उघडलं. सहाव्या दिवशी पट्ट्याला नवं भोक पाडलं, स्वतः, खिळ्याने. माळ्यावर चौदा पायऱ्या आहेत. कापडाचा तागा आणायला गेलो की आठवीवर थांबत होतो. आता थांबत नाही. परवा रितिकाने बाट्या केल्या आणि माझ्यासमोर फोडल्या. मी तिच्याकडे नुसतं तूप मागितलं.

मला अभिमान वाटतो, जीजी. चव्वेचाळीस वर्षांत मी काही सोडलं ते पहिल्यांदा. लहानपणी सूर्य मावळल्यावर तू पाणीही घेत नव्हतीस आणि मी माळ्यावर बसून चिवडा खात होतो, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत?

काल जालन्याला गेलो होतो. डॉक्टरांनी आकडा लिहून घेतला, शाबासकी दिली नाही.

"यातलं बरंचसं पाणी आहे, शेठजी."

"पाणी?"

"पोळी-भात बंद केला की शरीर साठवलेलं पाणी सोडतं. सुरुवातीला सगळ्यांचं असंच झपाट्याने उतरतं. एका लग्नात पंगतीला बसलात की दोन-तीन किलो परत येईल. चरबीचं काम सावकाश चालतं. आत्ताच फेटा बांधू नका."

फेट्याचं त्या सहज बोलल्या. मला घाम फुटला. त्याचं कारण पुढे येतं.

यंदा आपल्या जैन स्थानकात महाराजसाहेब नाहीत, बाहेरगावचे स्वाध्यायी प्रवचनाला आले आहेत. पर्युषणाच्या पाचव्या दिवशी संघाचे कल्याणकाका दुकानात आले. चहावाल्या बद्रीनाथने दोन कप आणले, मी माझा परत पाठवला. काकांनी माझ्या गालांकडे पाहिलं, ढगळ झालेल्या सदऱ्याकडे पाहिलं.

"श्रेणिक, तपस्या चालू आहे ना?"

मी काही बोललो नाही.

"बिलकुल बोलू नकोस. मला सगळं दिसतं. साता आहे ना, काही त्रास नाही ना?"

मी हात जोडले.

उपवास करणारा आपल्या तोंडाने सांगत नाही. माझं गप्प बसणं विनय ठरलं. दुसऱ्या दिवशी रितिका स्थानकातून आली, पदर खोचला आणि पनीर किसायला बसली. किसता किसता म्हणाली, "अहो, तपस्वींच्या फळ्यावर तुमचं नाव आहे. श्रेणिकजी, अठाई. आठ दिवस नुसत्या पाण्यावर! तुपाचा डबा संपत आला, तपस्वी. काकांना सांगू का आणायला?"

"आज सांगतो," म्हणालो. सांगितलं नाही. संध्याकाळी बायका आल्या, माझ्यासाठी स्तवन म्हणून गेल्या. शाळेतले गुरुजी वाकले. कोणी माझ्यासमोर वाकलंय असं आजवर झालं नव्हतं. मला ते आवडलं. हे तुला लिहितो आहे, दुसऱ्या कोणाला लिहिलं नसतं.

उद्या संवत्सरी. सकाळी व्याख्यानानंतर तपस्वींना फेटा बांधणार आहेत. माझं नाव पहिलं आहे.

तरी मी खपवलं असतं. पण काकांनी शहागडच्या संघालाही कळवलं, आणि आज दुपारी तुझा फोन आला. मला नाही, रितिकाला. चार वर्षांनी. "श्रेणिकला साता विचार. पारण्याला मी येते," एवढं म्हणालीस आणि ठेवलास. रितिकाने निरोप सांगितला, माझ्याकडे बघत राहिली आणि आत गेली. ती रडत होती. जेवण समोर होतं. मी जेवलो नाही, आणि तो उपवास नव्हता.

तू येतेस ती अठाईसाठी. अठाई नाही.

आणि तू का येत नव्हतीस ते मी या चार वर्षांत एकदाही बोललो नाही. रितिकाला म्हणालो, जीजीला घरचं फार असतं. दर संवत्सरीला छापील क्षमापना कार्ड सगळ्यांबरोबर तुलाही जातं. पाकिटावर तुझं नाव रितिका लिहिते.

तुझं मासखमण होतं, तीस उपवासांचं. सत्ताविसावा दिवस. उकळलेल्या पाण्यावर सत्तावीस दिवस काढून तू माहेरी आलीस, कारण पारण्याची साडी माहेरची असते आणि माहेराला कापडाचं दुकान आहे. रितिका तुला हात धरून आतल्या गादीवर घेऊन गेली. मी बाहेर चार गिऱ्हाइकांत बसलो होतो. कोणीतरी म्हणालं, बहिणीने नाव काढलं हो. मी म्हणालो, "कसलं नाव? डॉक्टरला पैसे देण्यापेक्षा हे बराबर. तीस दिवसांत पंधरा किलो. आता जुने ब्लाउज होतील." सगळे हसले. मी वळलो तर तू दारात उभी होतीस, हातात एक मोतिया रंगाची साडी उलगडलेली. तू ती घडी केलीस. तेवढ्या अशक्तपणात नीट, काठाला काठ लावून घडी केलीस, गादीवर ठेवलीस आणि गेलीस. पारण्याला मी आलो नाही. तुझी साडी सासरच्यांनी आणली.

का बोललो ते दहा दिवसांपूर्वीपर्यंत कळत नव्हतं. एकशेचार किलोचा माणूस गल्ल्यावर बसला होता आणि गाव त्याच्या बहिणीचं नाव घेत होतं. एवढंच होतं. आता मी एक पोळी सोडली आणि चौथ्या दिवशी भिंत धरून चाललो, तेव्हा तुझे तीस दिवस मला मोजता आले. तुझा मला त्या दिवशीही अभिमान होता. तो मी तोंडातून उलटा काढला.

उद्या खरं सांगितलं तर गाव हसेल. मच्छिंद्र वर्षभर ओरडेल. ते चालेल. तू येणार नाहीस, ते चालणार नाही, आणि तरी सांगायचं आहे. सांगेन की नाही हे लिहिताना मला नक्की माहीत नाही. म्हणून आधी तुला लिहिलं, आता मागे फिरता येणार नाही.

कार्डावरचे छापील शब्द इथे लिहीत नाही. तुला ते चार वेळा मिळाले. मी चुकलो, जीजी. जे बोललो ते खोटं होतं, आणि मला माहीत होतं.

पाणी गेलेला, बाकी तोच,
तुझा श्रेणिक

पंचमी. व्याख्यान संपलं, माझं नाव पुकारलं. मी उठलो आणि सांगितलं: अठाई नाही, डॉक्टरांचा आहार आहे, रोज पनीर आणि तूप खाल्लं, काकांनी विचारलं तेव्हा गप्प बसलो. आवाज मच्छिंद्रसारखा निघाला. कोणी हसलं नाही. कल्याणकाका फेटा हातात धरून उभे राहिले, मग फळ्याशी गेले आणि ओल्या फडक्याने माझं नाव पुसलं. स्वाध्यायींकडून मी आजच्या एका उपवासाचं पच्चक्खाण घेतलं; हा नेम खरा. काट्यावर गेलो नाही. दुपारच्या एसटीने शहागडला निघालो आहे, पत्र हातात देईन. साडी आणलेली नाही. ती दुकानात येऊन तू निवडायची आहेस.