निरोगी नमुना

१४ मार्च

ती. दादास नमस्कार,

वहिनीलाही सांग. मी खुशाल आहे. फोनवर तू "बरं, बरं" म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून हे पत्र. शेवटपर्यंत वाच.

प्रयोगशाळेत सध्या मी एका चरबीच्या मागे हात धुऊन लागले आहे. स्फिंगोलिपिड म्हणतात तिला. आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात ती असते. पेशी ती बनवते, वापरते आणि जुनी झाली की मोडीत काढते. मोडायला ठरावीक विकर, म्हणजे एन्झाइम, लागतं, ते कमी पडलं की माल साठत जातो. मग सफाई करणाऱ्या पेशीच तो गिळून फुगतात, आणि काचपट्टीवर चुरगळलेल्या कागदासारख्या दिसतात. प्लीहेत आणि हाडांत त्यांची गर्दी होते. मी तर तासन् तास बघत बसते!

नवी चाचणी लावली की पडताळ्याला एका निरोगी माणसाचं रक्त लागतं. आमच्याकडे रीतच पडली आहे, जो आधी बाही वर करेल तो निरोगी. या वेळी त्या नमुन्यात विकर निम्मंच निघालं. मी रसायनांना शिव्या घातल्या, सगळं ओतून दिलं, पुन्हा केलं. पुन्हा निम्मं. सरांनी विचारलं, "बाही कोणाची होती गं?"

माझी होती.

मला काही होणार नाही, निम्म्यावर माणसाचं छान भागतं. खोटं कशाला सांगू, आधी मला मजाच वाटली. घरी भांडी घासताना तुझं पोट आठवलं आणि भांडी तशीच सोडून उठले. हातापायाच्या काड्या आणि पोट नगाऱ्याएवढं, म्हणून आम्ही तुला किती चिडवलं! जरा धक्का लागला की तू काळानिळा. त्यात ते खुब्याचं दुखणं. माझ्यातला दोष आईकडून किंवा बाबांकडून आला. दोघांकडेही असेल, तर तुझ्या वाट्याला दोन्हीकडचा आला असेल.

पुढच्या गुरुवारी तुझी प्लीहा काढणार आहेत, ती का सुजली हे कळत नाही म्हणून. कारण हेच असेल तर त्यावर औषध आहे, शिरेतून देतात, सूज उतरते. काढलेली प्लीहा मात्र परत बसवता येत नाही.

सोबत एक जाड कागद आहे. बोट टोचून छापलेल्या गोलांत रक्त टेकव, सुकव, पाठव. वहिनी टोचेल, तू डोळे मीट. डॉक्टरांना हे पत्र दाखव आणि थोडे दिवस मागून घे. बहीण आगाऊ आहे म्हण हवं तर.

माझा तर्क चुकला तर जन्मभर हस मला. तुझ्या रक्तात काय निघेल याची मला उत्सुकता आहे, दादा, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिची भीती वाटते आहे.

तू हवा असलेली,
धाकटी