दादाच्या घरचा विस्तव

७ जानेवारी १९९८

आजपासून साखर बंद.

सकाळी पुष्पलता दरीतल्या झिऱ्यावरून पाणी घेऊन वर येताना तीनदा खाली बसली. बायकोची ती चढण मी ओट्यावरून बघत होतो. डोक्यावर दोन हंडे, एक हात गुडघ्यावर. पाड्याच्या विहिरीने जानेवारीतच तळ दाखवलाय, अख्खा उन्हाळा पुढे आहे. जव्हारच्या डॉक्टरने मागच्या खेपेला सांगितलं होतं, ‘चढउतार बंद करा, नाहीतर गुडघाच बंद पडेल.’ डॉक्टरला नळाचं पाणी.

वरच्या अंगाला वाघझिरा आहे. धार करंगळीएवढी, पण वैशाखातही तुटत नाही. एक बिडी ओढून होईस्तोवर हंडा भरतो, हे मी मोजून पाहिलंय. तिथून काळा पाइप टाकला तर पाणी आपल्या पायाने अंगणात येईल. इंजिन नको, डिझेल नको, कुणाचा अर्ज नको. उताराचं गणित मी चौथी शिकलेला माणूस करू शकतो. केलंय.

पण पाइप रोख मागतो. बाजारच्या दिवशी खोडाळ्याला बसून स्टो, बॅटऱ्या, छत्र्या दुरुस्त करतो. त्यात घर चालतं, मागे काही राहत नाही. मागे राहायला हवं असेल तर घरातून पैसा जायच्या वाटा बुजवायला हव्यात. एकेक करून.

८ जानेवारी

पुष्पलतेला सगळं समजावून सांगितलं. साखर, चहापूड, कपड्यांची पावडर, बाजारची सुकट, माझं लाल दंतमंजन. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

‘झालं? आता मला विचार, मी काय काय आणतच नाय ते.’

विचारलं नाही. उत्तर लांब असणार.

१४ जानेवारी

संक्रांत. थोडा गूळ आणला. तो साखरेत धरला नाही.

१७ जानेवारी

बिडी सोडून चार दिवस झाले. तोंडाला चव नाही, हाताला काम नाही. खोडाळ्याच्या चहावाल्याने बाजारात सगळ्यांदेखत विचारलं, ‘मेस्त्री, चहा नाय, बिडी नाय. पोरीचं लगीन काढलंस काय?’ म्हटलं, पोरगी आश्रमशाळेत नववीला आहे, लग्न तुझ्या म्हशीचं कर. हसले सगळे. बरं वाटलं, पण चहाचा वास घरापर्यंत सोबत आला.

बिडीवाचून आता हंडा भरायला किती वेळ लागतो हे सांगायची पंचाईत!

२३ जानेवारी

पेपर बंद केला, हे लिहायला एक आठवडा लागला.

मी चौथी केली, पण नीट वाचायला शाळेत शिकलो नाही, पुड्यांच्या कागदावर शिकलो. शेंगदाणे संपले की कागद सपाट करायचा आणि अक्षर लावायचं. पुढे दर बाजारी पेपर विकत घ्यायला लागलो तेव्हा स्वतःला मोठा माणूस समजलो. आता विकतचा पेपर नाही. आणि गंमत म्हणजे साखर नाही, चहापूड नाही, म्हणून पुडीही नाही, म्हणून पुडीचा कागदही नाही. सगळी अक्षरंच घरातून गेली. ही वही तेवढी आहे. तीही अर्धी झाली की बारीक लिहीन.

२९ जानेवारी

पुष्पलतेचं डोकं दोन दिवस धरलंय. आज कळलं, तिनेही मिश्री सोडली. माझ्याआधीच. सांगितलं नाही. ‘तू बिडी सोडलीस ते सगळ्या बाजाराला ठावं. माझं मला ठावं, बास.’

१ फेब्रुवारी

खोबरेल संपलं. ते आणायचं नाही असं ठरलंय. मोहाचं तेल लावता आलं असतं, पण मोह कुठाय?

बांधावरचा मोह बापाच्या हातचा. निम्मा माझा, निम्मा देवजीदादाचा. सहा वर्षांमागे दादाने मला न विचारता तोडला. लाकूड कुठे गेलं, कशाला तोडलं, मी विचारायला गेलो नाही आणि तो सांगायला आला नाही. आमचं घर आणि त्याचं घर यांच्यात एक आंबा आणि एक गुरांचा गोठा, एवढंच अंतर. त्यात सहा वर्षं एक शब्द नाही.

वाघझिऱ्याची सरळ वाट दादाच्या शेतातून येते. तिथून चार बंडलं पाइप पुरतो. मी मात्र टेकाडाला वळसा घालून आणणार. सात बंडलं लागतात. लागू देत. त्या तीन बंडलांसाठीच तर हा सगळा खटाटोप आहे, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

४ फेब्रुवारी

काड्यापेटी बंद.

वारा सुटला की एका दिव्याला पाच काड्या जातात. आमची आई कधी काड्यापेटी विकत घेत नसे. निजताना निखारा राखेत पुरायचा, सकाळी फुंकायचा. विझलाच तर शेजारून आणायचा, आणि येताना तिथे एक गोवरी ठेवून यायची. विस्तव फुकट नेत नाहीत. आता मीही निजण्याआधी खैराचा ओंडका घालून, राख चाळून वर झाकतो. खैर धरून ठेवतो. साग ठेवत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं.

पुष्पलतेला बजावलं, विझला तर ओढ्यापलीकडे रघ्याच्या घरून आण. दादाकडून नाही.

‘विस्तव हातात धरून ओढा उतरू? आणि गुडघा कुणाचा, रघ्याचा?’

म्हटलं, विझणारच नाही.

६ फेब्रुवारी

विझला.

मी उठेपर्यंत ती फुटक्या मडक्याच्या खापरीत लालभडक निखारे घेऊन आली होती. पाय कोरडे. ओढ्यात गेली नव्हती, हे उघड होतं. मी विचारलं, कुणाकडून? म्हणाली, ‘चुलीकडून.’

भाकर खाल्ली. त्या विस्तवावर भाजलेली. आईचं एक बोलणं होतं, ज्याच्या विस्तवावर भाकर भाजली त्याच्यापुढे मान वाकडी करून जाऊ नये. दिवसभर दादाच्या घरापुढून जायचं टाळलं. मागच्या निवडुंगातून गेलो, पायात काटा.

१३ फेब्रुवारी

पुन्हा विझला. आठवड्यात ही तिसरी खेप. मला पटत नाही. ओंडका तोच, राख चाळलेली, झाकण नीट. सकाळी हात घालतो तर राख ओलसर. छपरातून दव गळत असणार. शिडी लावून चुलीवरची चार कौलं काढली, नवी बसवली. आता थेंब येणार नाही.

पुष्पलता खालून बघत होती. ‘वरचं नीट बसव हां. दव लई वाईट.’

१६ फेब्रुवारी

आज पुन्हा ओली राख. कौलं मी स्वतः बसवली आहेत! कौलांत दोष नाही.

पुष्पलतेला दादाकडे विस्तवासाठी लागणारा वेळ हल्ली वाढलाय. बाळीवहिनी तिला बसवून घेते म्हणे. मी काही विचारलं नाही, तिने आपणहून सांगितलं. वहिनीचे पायही सुजतात. तीसुद्धा त्याच झिऱ्यावरून पाणी आणते. ‘दोघी लंगड्या एकदमच खाली जातो. एकीने धरायचं, एकीने उचलायचं.’

हे मला माहीत नव्हतं. रोज ओट्यावरून बघतो, पण मला दिसायची ती पुष्पलताच.

१२ मार्च

होळी. रंजना शाळेतून आली. हाडाने माझ्यासारखी, जिभेने आईसारखी. घरात शिरली, डबे उघडून पाहिले. ‘बाबा, आपल्या घरी चोरी झाली काय?’

पाइपाचं सांगितलं. तिने वहीत चित्र काढून मागितलं. काढलं. वाघझिरा, टेकाड, अंगण. ती म्हणाली, ‘मधी हे काय कोरं सोडलंस?’ म्हटलं, तुझ्या काकाचं शेत. ‘मंग पाणी एवढं फिरून कशाला येतंय? त्यालापण काकाशी बोलायचं नाय?’

होळीला सगळा पाडा गोळा. दादा जाळाच्या त्या बाजूला, मी या बाजूला. मध्ये जाळ होता म्हणून बरं. त्याचे केस पिकलेत.

२१ मार्च

जव्हारहून पाइप आणला. सात बंडलं! एसटीच्या टपावर चढवताना कंडक्टर म्हणाला, ‘मेस्त्री, अजगर घेऊन चाललात काय?’ त्याला सांगितलं, हा अजगर पाणी ओकणार आहे.

सगळं रोख. कुणाचं देणं नाही. साखर, बिडी, सुकट, पेपर सगळं त्या काळ्या वेटोळ्यांत बसलंय. पुष्पलतेने एका बंडलावर हात फिरवला. गुरावरून फिरवतात तसा.

२४ मार्च

तीन दिवस पाइप अंथरतोय. सांधे गरम तेलात बुडवून बसवले, एकही गळत नाही. नळीतल्या पाण्याने पातळी धरली. टेकाडाचा माथा वाघझिऱ्यापेक्षा वीतभर खालीच आहे. वीतभर पुष्कळ झाली.

२५ मार्च

पाणी येत नाही.

२६ मार्च

टेकाडाच्या माथ्यापर्यंत येतं, तिथे थांबतं. पाइपाचं तोंड खोकतं, दोन थेंब टाकतं, गप्प. माथ्यावर हवा अडकते आणि एवढीशी धार तिला ढकलू शकत नाही. मी तोंडाने ओढून पाहिलं. तोंडात गाळ आला.

गणित बरोबर होतं. वीतभर खाली म्हणजे खालीच. पण गणितात हवा धरली नव्हती.

पुष्पलतेने पाइपाच्या तोंडाकडे एकदा पाहिलं. हंडा उचलला आणि दरीकडे गेली. तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

२९ मार्च

टेकाडाच्या माथ्यावर सांधा सोडवत बसलो होतो. मागे खोकल्याचा आवाज आला. दादा. माझ्याकडे न बघता बाजूच्या दगडावर बसला. बिडी पेटवली, एक माझ्यापुढे धरली.

‘सोडली,’ म्हटलं.

‘ती सोडलीस. पाणी पण सोडलंस काय?’

सहा वर्षांनी ऐकलेला हा पहिला शब्द. मी पाना फिरवत राहिलो. त्याने दोन झुरके घेतले. मग म्हणाला, ‘सोडव ते. माझ्या शेतातून ने. सगळा उतार हाय. एवढा शिकलास, उतार दिसत नाय?’

म्हटलं, उतार दिसत होता. वाट माझी नव्हती.

‘माझ्या चुलीचा विस्तव दोन महिने खातोस, तेव्हा वाट तुझी होती?’

पुष्पलतेने रोज एक गोवरी ठेवली होती, पण मी ठेवली नव्हती.

पाइप गुंडाळायला त्यानेच दुसरं टोक धरलं. बांधावर आलो तर मोहाच्या खुंटाशेजारी काट्यांचं कुंपण आणि आत गुडघ्याएवढं मोहाचं रोप. म्हणाला, ‘मुळाला वाळवी लागली होती. वादळात तुझ्या गोठ्यावर पडला असता. सांगायला येणार होतो, तर तू दार लावून घेतलंस. पाइप नेताना तेवढं रोप सांभाळ.’

दार मी लावलं होतं का ते आठवत नाही. लावलं असेल.

१ एप्रिल

पाणी आलं. करंगळीएवढं, न खोकता!

३ एप्रिल

तीन बंडलं उरली. दुकानदार निम्म्या भावाने परत घेईल. रात्रीच ठरवून टाकलं, सकाळी त्यातूनच दादाच्या अंगणापर्यंत फाटा नेला. पितळी तोटी माझ्या पेटीतली, जुनी, पण वॉशर नवा. बाळीवहिनी तोटी उघडायची, बंद करायची, पुन्हा उघडायची. म्हटलं, वहिनी, वॉशर झिजेल. ‘झिजू दे. बदलायला तू हायस ना शेजारी.’

रोपाजवळच्या सांध्याला एक बारीक छिद्र आहे. दिवसभर थेंब थेंब पडतो. तो सांधा मी मुद्दाम बुजवलेला नाही. माझ्या कामात गळती ठेवलेली ही पहिलीच.

१० एप्रिल

बाजार. आधी साखर घेतली, मग चहापूड. पुष्पलतेला मिश्री हवी का विचारलं. म्हणाली, नको, सुटली ती सुटली. सुकट मात्र घेतली. पेपर घेतला नाही. पैसे हातात होते, तरी. साखरेची पुडी सोडली तर कागदावर अर्धी बातमी होती. पुढची अर्धी काय असेल याचा घरी येईस्तोवर विचार केला.

संध्याकाळी दादा आणि वहिनी चहाला. दादाने चार चमचे साखर मागितली. दिली.

१९ एप्रिल

पावसाळ्याचं बियाणं वेगळं काढायला नागलीच्या कणगीत हात घातला. तळाशी फडकं लागलं. आत काड्यापेट्या. कोऱ्या, भरलेल्या, एकीचीही काडी गेलेली नाही. माझ्या बंदीच्या आधीच घेऊन ठेवलेल्या असणार.

ओल्या राखेचं कोडं सुटलं, ते दव छपरातलं नव्हतं, हंड्यातलं होतं. मी कौलं बदलत होतो! आणि पाइपात पाणी आल्यापासून आमची चूल एकदाही विझली नाही, हे तेव्हा ध्यानात आलं.

फडकं होतं तसं बांधलं, होतं तिथे ठेवलं. पुष्पलता अंगणात भांडी घासत होती, तोटीखाली, बसून, गुडघा लांब करून. चुलीत निखारा चांगला फुललेला होता.

तरी खापरी घेतली, एक गोवरी घेतली, आणि विस्तव मागायला दादाकडे गेलो.