सदनिका क्रमांक ४०३ रिकामी नसल्याबाबत

प्रति,
मा. प्रभाग अधिकारी,
प्रभाग कार्यालय, मिरा रोड (पूर्व).

विषय : मोबाईल अपडेट झाल्यानंतर माझ्या हातून चुकून झालेली 'घर रिकामे केले' ही नोंद रद्द करून, इमारत पाडण्यापूर्वी मी घरात असल्याची प्रत्यक्ष खात्री करण्याबाबत.

संदर्भ : शुभांकुर इमारत, सिल्व्हर पार्क. पाडकामाची तारीख १६ फेब्रुवारी २०२६.

महोदय,

मी, हरिश्चंद्र भिवा तांबे, वय ७४, पूर्ण अंध, सरकारी कार्यालयातील निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, वरील इमारतीत चौथ्या मजल्यावर एकवीस वर्षे राहत आहे. पत्नी तुळसाबाई चार वर्षांपूर्वी वारल्या. तेव्हापासून एकटा आहे. आपला वेळ घ्यावा इतकी माझी तक्रार मोठी आहे की नाही, याची मला खात्री वाटत नाही. हा अर्ज मी तीनदा टाइप करून फाडला. चूक माझ्याच बोटाची आहे, हे आधीच मान्य करतो.

१. इमारत धोकादायक ठरल्यावर पुनर्विकासाला मीही सही दिली. विकासकाने मला बेव्हर्ली पार्कमध्ये तळमजल्यावर तात्पुरते घर द्यायचे आणि ते तयार होईपर्यंत मी येथेच थांबायचे, असे ठरले होते. विकासकाचे एक अॅप सर्व सभासदांच्या मोबाईलवर आहे. त्यात दर रविवारी सकाळी एकच प्रश्न येतो : 'आपण घर रिकामे केले आहे काय?' प्रश्नाखाली दोन बटणे असतात.

२. अंध माणूस मोबाईल कसा वापरतो हे आपणास ठाऊक असेलच. नसल्यास थोडे सांगण्याची परवानगी असावी. बोटाखाली जे येईल ते फोन बोलून दाखवतो, आणि दोनदा टिचकी मारली की ते दाबले जाते. परंतु नेहमीच्या जागा आम्ही ऐकत बसत नाही. मिठाचा डबा हाताला पाठ असतो, तशी बटणे बोटाला पाठ होतात. डावीकडे 'अजून नाही', उजवीकडे 'होय'. अकरा रविवार मी डावीकडे टिचकी मारली आणि चहा ठेवायला गेलो.

३. दि. १४ जानेवारी रोजी मोबाईल स्वतःहून अपडेट झाला. मला विचारले होते की नाही, आठवत नाही. तो पुन्हा सुरू झाला तेव्हा आत दुसराच आवाज होता. हा आवाज मराठी अक्षरे गाळतो. आकडे आणि विरामचिन्हे तेवढी वाचतो. मी ऐकत असलेल्या पुस्तकाचे एक अख्खे पान त्याने 'स्वल्पविराम, स्वल्पविराम, पूर्णविराम' असे वाचून दाखवले. विकासकाचे अॅपही त्याच आठवड्यात बदलले. रविवारी, दि. १८ रोजी, प्रश्नाच्या जागी शांतता होती, आणि त्याखाली फोन एवढेच म्हणाला : 'बटण. बटण.' मी सवयीने डावीकडे टिचकी मारली. नव्या अॅपमध्ये बटणांच्या जागा उलट झाल्या आहेत, हे मला नंतर कळले.

४. पुढच्या रविवारी प्रश्न आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. विकासकाला माझी दया आली असावी आणि त्याने विचारणे सोडले असावे, अशी मी समजूत करून घेतली. मला बरे वाटले. या गोष्टीची मला सर्वांत जास्त लाज वाटते.

५. मध्यंतरी मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात जाऊन आलो. मोबाईलचा पडदा मी नेहमी काळा ठेवतो. मला उजेडाचा उपयोग नाही आणि बाजूच्याला माझे वाचता येत नाही. दुकानदार म्हणाला, "अंकल, डिस्प्ले गया है." मी म्हणालो, डिस्प्ले नको, आवाज दुरुस्त करा. त्यावर तो आतल्या कोणाला तरी म्हणाला, "सुन, अंकल को डिस्प्ले ही नहीं चाहिए!" दोघे हसले. मी अधिक समजावून सांगायला हवे होते. तसाच परत आलो. अॅपच्या मदत क्रमांकावर शेजारच्या बिऱ्हाडाने जाण्यापूर्वी फोन लावून दिला होता. तेथील बाई म्हणाल्या, "सर, खाली हिरवं बटण दिसतंय का?" मी अंध असल्याचे सांगितले. त्या म्हणाल्या, "हो सर, ते समजलं. पण हिरवं दिसतंय का?"

६. त्यानंतर इमारत हळूहळू गप्प झाली. प्रथम लिफ्ट बंद पडली. मग कुकरच्या शिट्ट्या थांबल्या, मग गॅस बंद झाला. पाणी आता सकाळी दहा मिनिटे येते. वीजही आता नाही, त्यामुळे मोबाईल बंद आहे; रेडिओ तेवढा सेलवर चालतो. दि. ३ फेब्रुवारी रोजी मला डबा देणाऱ्या सुलूताईंना वॉचमनने खालूनच परत पाठवले. "ऊपर कोई नहीं है, लिस्ट देखो," असे तो म्हणत असल्याचे मी चौथ्या मजल्यावरून ऐकले. खिडकीतून हाक मारली. माझा आवाज लहान आहे, आणि खाली ट्रक उभा होता. दुसऱ्या दिवशी स्वतः उतरायला निघालो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आधारासाठी हात टाकला, तर तेथे काही नव्हते. जिन्याचे कठडे कापून नेले आहेत. बसून, एकेक पायरी मागे सरकत मी वर आलो. तेव्हापासून उतरलेलो नाही.

७. शनिवारी, दि. ७ रोजी, दुसऱ्या मजल्यावरचे पूर्वीचे रहिवासी श्री. ईश्वर मोरे आपले राहिलेले पितळी घंगाळ न्यायला आले. माझ्या दाराशी त्यांनी रेडिओ ऐकला. "तांबेकाका! तुम्ही अजून इथेच? अहो, लिस्टमध्ये चोवीसच्या चोवीस घरं खाली दाखवतायत! सोमवारी सोळाला मशीन लागतंय." त्यांनी यादी वाचून दाखवली. माझ्या नावापुढे 'दि. १८ जानेवारी, रिक्त, स्वतःची सोय' असे आहे. बेव्हर्ली पार्कचे घर त्यामुळे दुसऱ्या कुटुंबाला दिले गेले. श्री. मोरे यांनी तेथूनच विकासकाच्या कार्यालयात फोन केला. उत्तर मिळाले की नोंद सभासदाने स्वतः केलेली आहे, ती सभासदानेच अॅपमधून बदलावी. आणि घर रिकामे केलेल्या सभासदासाठी अॅप बंद होते.

८. श्री. मोरे मला नालासोपाऱ्याला आपल्या घरी चला म्हणाले. "लाजताय काय काका, दाटीवाटीनं राहू." एका खोलीत पाच माणसे आहेत. शिवाय मी बाहेर पडलो तर खोटी नोंद खरी होईल, आणि मग मी कोठे होतो हे कोणाला पटवून देणार? हा माझा हट्ट असेल. मला ठरवता येत नाही. त्यांनी डाळ-तांदूळ आणि रॉकेलचा स्टोव्ह आणून दिला. हा अर्जही तेच आपल्याकडे पोचवत आहेत. जुन्या टंकयंत्रावर केला आहे. अक्षरे सुटली असल्यास क्षमा असावी.

सबब विनंती की, माझे नाव रिक्त सदनिकांच्या यादीतून तातडीने काढावे, ठरलेले तात्पुरते घर मला परत मिळवून द्यावे, आणि तोपर्यंत पाडकाम थांबवावे. सर्व शक्य नसल्यास निदान सोळा तारखेपूर्वी एक माणूस वर पाठवावा. त्याने जिना चढताना भिंतीच्या बाजूने यावे.

आणखी एक. आलेल्या माणसाने दाराशी उभे राहून आधी मोठ्याने स्वतःचे नाव सांगावे. काल दुपारी कोणीतरी वर आले होते. चौथ्या मजल्यावरची दारे एकामागून एक ढकलून पाहिली गेली. माझे दार लॅचने बंद होते. पावले तेथे थांबली. मी रेडिओ बंद केला. का केला, ते सांगता येत नाही. भीती वाटली असावी. मग दारावर खडूने काहीतरी लिहिल्याचा आवाज झाला आणि पावले खाली गेली. काय लिहिले आहे ते मी बोटांनी पाहण्याचा प्रयत्न केला. खडू हाताला लागला, अक्षर लागले नाही.

उत्तराकडे कान लावून असलेला,

हरिश्चंद्र भिवा तांबे
४०३, शुभांकुर, सिल्व्हर पार्क, मिरा रोड (पूर्व)
दि. ९ फेब्रुवारी २०२६

सोबत : १) अंधत्वाच्या प्रमाणपत्राची प्रत. २) रिक्त सदनिकांच्या यादीची प्रत (श्री. मोरे यांच्याकडून). ३) माझ्या दाराची किल्ली.